मेहरूणमधले बोटवाले नाना

धुळ्याहून जळगावच्या एका शाळेत नोकरीला आले आणि खोली शोधत शोधत मेहरूणमध्ये पोचले, तेव्हा घरमालकांनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा: "तुमच्यापर्यंत इशारा पोचवायचा झाला, तर कसा पोचवायचा?"

त्याआधी पाहिलेल्या घरांतून भाडं, गाव, आडनाव, मटण शिजवता का, घरी किती वाजता परतता, असलं सगळं विचारून झालं होतं. हे कुणीच विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "फोन करा."

"फोन बंद असला तर?"

"दार वाजवा."

"झोप गाढ की हलकी?"

"गाढ."

त्यांनी गंभीरपणे मान डोलावली, "मग थाळी वाजवावी लागेल," म्हणाले आणि किल्ली माझ्या हातात दिली. भाड्याचं नंतर त्यांच्या बायकोने ठरवलं. मी जिना चढता चढता हसत होते. वेडा दिसतोय, पण सज्जन वेडा आहे, असं त्याच रात्री आईला फोनवर सांगितल्याचं आठवतं.

गल्लीत सगळे त्यांना बोटवाले नाना म्हणत. कुणी कौतुकाने कप्तान म्हटलं की ते उखडायचे. ते कप्तान नव्हते, मालवाहू जहाजांवर रेडिओ ऑफिसर होते. चोपड्याकडच्या केळीच्या बागेतून उठून हा माणूस समुद्रावर कसा गेला, हे त्यांनी कधी धड सांगितलं नाही. पुढे उपग्रह आले, यंत्रं आपली आपण बोलायला लागली आणि रेडिओ ऑफिसर ही जातच बोटींवरून नाहीशी झाली. नाना घरी आले. पण नोकरी संपली आहे हे त्यांना बहुधा कुणी कळवलं नसावं.

त्यांच्या बैठकीत टीव्हीच्या जागी एक करडं यंत्र होतं. मोडीत निघालेल्या जहाजांचं सामान विकतात त्या अलंगच्या बाजारातून ते त्यांनी आणलेलं. किनाऱ्यावरची केंद्रं जहाजांना जे इशारे पाठवतात, ते या यंत्रात कागदाच्या अरुंद पट्टीवर छापून येत. गच्चीवर तारेचा उंच खांब होता आणि तरीही दिवसा यंत्र मुकंच असायचं. रात्री मात्र समुद्र जळगावपर्यंत यायचा. सकाळी चहासोबत नाना ती पट्टी मोठ्याने वाचत. कुठे सोसाट्याचा वारा, कुठे पाण्यात अर्धवट बुडून वाहत चाललेला कंटेनर, कुठे केबल टाकणारं जहाज, त्याच्यापासून लांब राहा.

"बंदराबाहेरचा दिवा बंद पडलाय," नाना एकदा चिंतेने म्हणाले.

नानी भाकरी थापत होत्या. "तठेना दिवा बंद शे, आठेना बल्ब कव्हय बदलशात?"

मोरीतला बल्ब बरेच दिवस गेलेला होता. नानांनी तो लगेच बदलला. पण आधी दारावर खडूने लिहिलं: मोरीत अंधार, बल्ब लागेपर्यंत. आणि बल्ब लागल्यावर ते पुसलं. नानी कपाळाला पीठ लावून घेत म्हणाल्या, "पाच मिनिटंसाठे?"

नानांचा सगळा जीव या पुसण्यात होता. इशारा देणं कोणालाही जमतं, तो रद्द करणं माणसं विसरतात, असं ते म्हणायचे. शेजाऱ्यांच्या फाटकावर 'कुत्र्यापासून सावध' अशी पाटी होती आणि कुत्रं कधीच मेलं होतं. नाना त्यांच्याशी त्यावरून हमरीतुमरीवर आले. "उद्या खरंच चावरं कुत्रं आणलंत, तर या पाटीवर कोण विश्वास ठेवील?" शेजारी म्हणाले, "चोर घाबरतात ना!" नाना म्हणाले, "चोर सोडून सगळे घाबरतात." शेवटी नानींनी मध्ये पडून पाटी काढायला लावली. आमच्या जिन्याखाली फळा होता, त्यावर 'गच्चीत पापड, ऊन उतरेपर्यंत' असं लिहिलेलं असे. मी एकदा त्याखाली 'कावळ्यांनीही नोंद घ्यावी' असं जोडलं. नानांनी ते पुसलं. "कावळे माझ्या हद्दीत येतात," ते म्हणाले, "पण वाचत नाहीत." त्यात विनोद आहे हे त्यांना खरंच कळलं नव्हतं.

'प्रचंड', 'भयंकर', 'जपून' या शब्दांवर त्यांच्या घरात बंदी होती. शाळेत निघताना नानी "जपून जाय वं" म्हणाल्या की बैठकीतून आवाज यायचा, "कशापासून जपायचं, कुठे, आणि केव्हापर्यंत, ते सांग!" पहिले काही महिने मला याचं हसू यायचं. मग एके दिवशी मी वर्गात एका मुलीला "जपून प्रयोग कर" म्हणाले आणि माझं मलाच वाटलं, अगं बाई, कशापासून ते तरी सांग तिला!

समुद्राबद्दल ते बोलायला लागले की मात्र माझी चेष्टा बंद पडायची. जगातल्या सगळ्या समुद्रांचे एकवीस तुकडे केलेत, आणि एकेक तुकडा एकेका देशाकडे दिलाय, हे मला त्यांनीच सांगितलं. त्या तुकड्यातली प्रत्येक धोक्याची बातमी त्या देशाने गोळा करायची, पारखायची आणि तिथल्या प्रत्येक जहाजाला द्यायची. झेंडा कुठला, मालक कोण, हे विचारायचं नाही. आठ नंबरचा तुकडा आपला. आणि त्याला लागून असलेला नऊ नंबरचा?

"पाकिस्तानचा," नाना म्हणाले.

"मग?"

"मग काय? दोघं एकमेकांचं तोंड बघत नसतील. पण वादळ हद्द ओलांडायला लागलं की आठने नऊला सांगायचं, नऊने आठला. समुद्रात अबोला चालत नाही."

"आणि जहाज वाचलं की ते कळवतात का तुम्हाला?"

"छे. वाचलेलं कधीच कळत नाही. न वाचलेलंच कळतं." हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की मी चहाचा कप तसाच धरून बसले. एका माणसाने आयुष्यभर अनोळखी लोकांना सांगत राहायचं, पुढे धोका आहे, पुढे धोका आहे, आणि त्यांच्यापैकी एकानेही कधी हूं म्हणायचं नाही. मला ते फार मोठं वाटलं. नानांना म्हटलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, फार म्हणजे किती.

हाच नियम त्यांनी खानदेशात लावला होता. आमच्याकडे पावसाळ्याआधी वावटळी वारं सुटतं आणि घडांनी लगडलेली केळीची बाग एका झपाट्यात आडवी करतं. नानांनी भिंतीवरच्या नकाशावर पेन्सिलने तुकडे पाडले होते आणि प्रत्येक तुकड्याला एक माणूस होता, तिथल्याच शेतकऱ्यांनी ठरवलेला. शिरपूरला ट्रॅक्टरचं गॅरेज चालवणारा एक जण, मुक्ताईनगरला शाळेतून निवृत्त झालेल्या एक अक्का, जळगावला स्वतः नाना. वारं दिसलं की पुढच्या तुकड्याला कळवायचं, त्याने आपल्या लोकांना. मी म्हटलं, व्हॉट्सॲपचा ग्रुप का नाही करत? ते म्हणाले, "ग्रुपवर शंभर तोंडं बोलतात. कुणी भलत्याच राज्यातला व्हिडिओ टाकतं. एका तुकड्याला एकच तोंड हवं."

आणि चोपड्याच्या तुकड्याचं तोंड होते नानांचे थोरले भाऊ, आबा. नाना त्यांच्याशी बोलत नव्हते. किंवा आबा नानांशी बोलत नव्हते. दोन्ही.

झालं होतं असं, की एका उन्हाळ्यात नानांनी चोपड्याला वाऱ्याचा इशारा दिला. आबांनी भावावर विश्वास ठेवून, झाडांचा भार कमी व्हावा म्हणून, अजून न भरलेले घड कापून टाकले. वारा वाटेतच वळला आणि सातपुड्याकडे गेला. नानांनी लगेच इशारा रद्द केला. तोवर आबांची अर्धी बाग मोकळी झाली होती. ज्यांनी आळस केला त्यांची केळी शाबूत राहिली. आबांनी न येणाऱ्या वाऱ्याला घाबरून केळी पाडली, अशी थट्टा गावात सुरू झाली आणि ती वर्षभर पुरली.

"तुम्ही माफी मागितली?" मी विचारलं.

"कशाची? इशारा खरा होता. वारा वळला, मी रद्द केला."

"अहो, भाऊ आहे तो!"

"रद्द केल्यावर माफी मागायची पद्धत नाही," नाना म्हणाले, आणि उठून गच्चीवर गेले. तो माणूस वाईट नव्हता, पण कधीकधी असा दगड असायचा की डोकं आपटून घ्यावंसं वाटे.

आता गंमत बघा. दोघांचा अबोला, पण काम तर थांबवायचं नाही. म्हणून जळगावहून पन्नास-साठ किलोमीटरवरच्या चोपड्याला निघालेला इशारा आधी उलट्या दिशेला मुक्ताईनगरला जायचा. तिथून अक्का तो आबांना सांगायच्या. आबांचं उत्तरही तसंच मुक्ताईनगरमार्गे. "पोचल्याशी मतलब," नाना म्हणायचे, "कुठून गेला ते नियमात नाही." अक्का मात्र मला एकदा फोनवर म्हणाल्या, "दोन्ही भावांच्या मधे मी बाई तार होऊन बसले आहे."

मग आबांच्या मुलीचं लग्न निघालं. गोरज मुहूर्त, चोपड्याबाहेर शेतालगतच्या मोकळ्या जागेत मांडव. पत्रिका नानींच्या नावाने आली. नानी एकट्या सकाळच्या एसटीने गेल्या. जाताना एकदा नानांकडे पाहिलं. माझ्या शाळेला सुट्टी होती. दुपारी मी खाली डोकावले, तर नाना यंत्रासमोर बसलेले. अंगात नवा कोरा पांढरा सदरा, इस्त्रीची घडी न मोडलेली. कुठे जायचं नसताना माणूस असा सदरा घालून का बसतो, हे मला विचारवेना.

दुपार कलायला लागली आणि शिरपूरच्या गॅरेजवाल्याचा फोन आला. तो ओरडूनच बोलत होता. धुळीचा लोट, त्याच्या शेडचे पत्रे उडाले, विजेचे खांब वाकले, वारा सरळ पूर्वेकडे निघालाय. पूर्वेला चोपडा. चोपड्याला कळवणं खरं त्याचंच काम, पण आबांचा फोन त्याला लागत नव्हता, सारखा व्यस्त. लग्नघर ते!

नानांनी मुक्ताईनगरला अक्कांना लावला. वाजत राहिला. मग आठवलं, त्या दिवशी अक्कांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. नानींना लावला, वाजून वाजून थांबला. बँडमध्ये कुणाला ऐकू येणार? नानांनी नकाशातल्या चोपड्याच्या तुकड्यावर बोट ठेवलं. मग त्यांनी कित्येक महिन्यांत न लावलेला नंबर लावला. पलीकडून कट झाला. पुन्हा लावला. पुन्हा कट.

"माझ्यावरून लावा!" मी माझा फोन पुढे केला. "सांगा, प्रचंड वादळ येतंय, पळा म्हणून!"

"प्रचंड नाही म्हणायचं," नाना म्हणाले.

माझ्या अनोळखी नंबरवरून लगेच उचलला गेला. मी स्पीकर चालू केला. सनई, पोरांचा कलकलाट, आणि एक जाड आवाज: "कोन बोली राहिनं?"

आणि नाना, इतक्या काळाने सख्ख्या भावाचा आवाज ऐकून, काय म्हणाले असतील? "जळगाव क्षेत्र." मी कपाळावर हात मारून घेतला.

"शिरपूरकडून वादळी वारा, धुळीसकट," नाना वाचावं तसं बोलत होते. "पत्रे उडाले आहेत. पूर्वेला सरकतो आहे. तासाभरात चोपडा. मांडव, पत्रा आणि झाडाखाली थांबू नये. अंधार पडल्यावर इशारा रद्द समजावा."

मग आबा म्हणाले, "मन्ही केयी कापाले लाई तू. आते पोरना मांडव बी सोडाले लावस का?"

मला वाटलं, आता हा माणूस विरघळेल. आबा, तुमच्या पाया पडतो म्हणेल. नानांनी तोच इशारा पहिल्यापासून पुन्हा वाचला. तेच शब्द, तोच क्रम. "नानी तिथे आहेत ते तरी सांगा!" मी जवळजवळ ओरडले. त्यांनी हाताने मला गप्प केलं आणि तिसऱ्यांदा तेच वाचलं. फोन बंद झाला.

मी इतकी संतापले होते की रडूच आलं. "जरा वेगळं बोलला असतात तर काय बिघडलं असतं? बायको आहे तुमची त्या मांडवात!"

"ती आहे म्हणून वारा वाढत नाही," ते म्हणाले. "आणि शब्द बदलले की ऐकणाऱ्याला वाटतं, बातमी बदलली." एवढं बोलून ते खुर्चीत बसले. तेव्हा मी पाहिलं, सदरा घामाने पाठीला चिकटला होता. पुन्हा लावला तर आबांचा फोन बंद. त्यानंतर आम्ही दोघं त्या बैठकीत बसून राहिलो, पाणीही प्यायलो नाही. बाहेर मेहरूणच्या तलावावर लख्ख ऊन होतं आणि पाण्यावर साधी लाटसुद्धा नव्हती. मला त्या उन्हाचा राग येत होता. वारा आला नाही तर हे दोन भाऊ कायमचे तुटणार, आणि आला तर... मी मनातल्या मनात दोन्ही नको म्हणत होते.

किती वेळ गेला कोण जाणे. नानांचाच फोन वाजला.

"चोपडा क्षेत्र," पलीकडून जाड आवाज आला. मी उडालेच! "वारा चोपड्यावरथून गया. अडावदकडे सरकी राहिना, मंग जळगाव. मांडव बठ्ठा पडना. मानसं बठ्ठी ठीक शेतस." मग आबा म्हणाले, "पोर सांगस, काका येवाशिवाय मी बोहल्यावर उभी राहसू नही. ये तू."

नानांनी नुसती मान हलवली, जशी काही ती चोपड्याला दिसणार होती. मी "येतात, येतात!" असं फोनमध्ये किंचाळले.

मी स्कूटरची किल्ली घेऊन दारात उभी. पण हे कसले हलतात! त्यांच्या तुकड्यात वारा यायचा होता. त्यांनी जिन्याखालच्या फळ्यावर इशारा लिहिला आणि एकेक करून सगळ्यांना फोन केले, विदगाव, ममुराबाद, तलावाकाठचे भेळवाले, आमच्या गल्लीतली गच्चीवर गाद्या घातलेली घरं. वारा आला, तारेचा खांब वाकवून गेला, दोन-चार फांद्या पाडून गेला. मग नाना फळ्यापाशी गेले, इशारा पुसला, आणि म्हणाले, "आता चला."

तो प्रवास मी जन्मात विसरणार नाही. मी पुढे, मागे नवा सदरा घातलेले नाना, तापीच्या पुलावर ओल्या मातीचा वास, दोन्ही बाजूंना काही बागा उभ्या आणि काही भुईसपाट. धानोऱ्याच्या पुढे निंबाचं मोठं झाड रस्त्यावर आडवं पडलेलं. एका कडेने कशीबशी स्कूटर निघाली. लगेच नाना म्हणाले, "थांबा." उतरले, किलोमीटरचा दगड शोधला, झाड दगडाच्या कुठल्या बाजूला आणि किती लांब ते पाहून आले. "नाना, तिकडे नवरी खोळंबली आहे!" मी ओरडत होते. ते शांतपणे मागे येऊन बसले.

लग्न आता सरकी-कापसाच्या रिकाम्या गोदामात होतं. जनरेटरचा आवाज, पिवळे दिवे, जमिनीवर सतरंज्या, आणि कुणाच्या तोंडावर कंटाळा नाही. मांडवाचे बांबू बाहेर शेतात पडले होते. जिथे पंगत बसणार होती तिथे लोखंडी कमान आडवी झालेली.

नानी मला दारातच भेटल्या आणि एका दमात सगळं सांगितलं. फोन ठेवल्यावर आबांनी वर पाहिलं, आभाळ कोरं. तरी त्यांनी बँड थांबवला, माईक घेतला आणि नानांचा इशारा शब्दाला शब्द म्हटला, अगदी 'रद्द समजावा'पर्यंत. लोक हसले. नवऱ्याचे मामा रुसले. आबांनी पुन्हा तेच म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा लोक उठले, कारण पोरीच्या लग्नात बाप असली थट्टा तीनदा करत नाही.

"पण त्यांना खरं कसं वाटलं?" मी विचारलं.

"मी बी तेच इचारं," नानी थोरल्या दिरांकडे नजर टाकत म्हणाल्या. "जेठ म्हने, खोटं बोलनारा शबद बदलस. यानी एक बी बदला नही."

तेवढ्यात आबा समोरून आले. उंच, उन्हाने रापलेले, फेटा सुटलेला. दोघं भाऊ एकमेकांसमोर उभे राहिले. मिठी नाही, पाया पडणं नाही.

"ऊना का?" आबा म्हणाले. आलास का, एवढंच.

"ऊनू," नाना म्हणाले. आणि लगेच, मी तोंडावर हात ठेवला, "धानोऱ्याच्या पुढे निंबाचं झाड रस्त्यावर आडवं. दगडाच्या पूर्वेला. दक्षिणेच्या कडेने फक्त दुचाकी जाते. झाड उचलेपर्यंत."

आबांनी एक शब्द विचारला नाही. मागे वळून माईक घेतला आणि सांगितलं, जळगावकडे जाणाऱ्यांनी आज निघू नये, सोय इथेच आहे, झाड पडलंय. रुसलेले मामा पुढून म्हणाले, "आबा, आपण पाहिलंय का डोळ्यांनी? का आपलं ऐकीव?"

आबांनी माईक तोंडासमोरून काढला नाही. सगळ्या गोदामाला ऐकू गेलं.

"मन्हा भाऊ सांगस."